खाडीला खाडीच म्हणा

गेल्या पावसाळ्यात नवी मुंबईतल्या ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या फलकावर एक कागद लागला. 'मागील नाल्यास भरती आल्यामुळे तळमजल्यावरील पार्किंगमध्ये पाणी शिरण्याची शक्यता आहे. सभासदांनी आपापली वाहने काढून घ्यावीत.' गाड्या निघाल्या, पाणी आलं, दोन तासांनी गेलं, दोन स्कूटरी बंद पडल्या. कागद मात्र दिवाळीपर्यंत फलकावर होता. जाता-येता तो इतक्या वेळा वाचला की त्यातले तीन शब्द डोक्यात रुतून बसले. नाल्यास भरती आली.

नाल्याला पूर येतो. नाला तुंबतो, भरून वाहतो, कधी फुटतो. भरती त्याला येत नाही. भरती येते समुद्राला, आणि समुद्राचं पाणी जिथवर आत चढतं त्या खाडीला. सेक्रेटरींना डोळ्यांनी दिसलं ते अगदी बरोबर होतं, पाणी भरतीचंच होतं. पण ज्या पाण्याला रोज दोनदा भरती येते त्याचं मराठीत एक साधं, दोन अक्षरी नाव आहे, ते त्यांच्या लेखणीत उतरलं नाही. सेक्रेटरी मूळचे ठाण्याचेच. त्यांचं बालपण कोपरीत गेलं, म्हणजे खाडीच्या वासात. त्यांनी हा शब्द विसरावा याचं मला नवल वाटलं, आणि मग लक्षात आलं की आपण सगळेच तो विसरत चाललो आहोत. निदान चुकीच्या ठिकाणी वापरतो आहोत.

खाडी म्हणजे दोन्ही दिशांनी वाहणारं पाणी. शाळेच्या भूगोलात व्याख्या असते की नदीच्या मुखातून भरतीचं पाणी जिथवर आत येतं तो भाग म्हणजे खाडी. व्याख्या ठीक आहे, पण तिच्यात नदी पुढे आणि भरती मागे राहते. प्रत्यक्षात खाडीला नदी असलीच पाहिजे असं नाही, भरती मात्र पाहिजेच. याचा पुरावा बघायला ठाण्याइतकं सोयीचं गाव नाही. साष्टी बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात ठाणं वसलंय आणि त्याला एक सोडून दोन खाड्या आहेत. उत्तरेला उल्हास नदी घोडबंदरावरून वसईकडे जाते, ती वसईची खाडी. इथे नदी खरी आहे, पाऊस पडला की गढूळ पाण्याचा लोंढा घेऊन येते. दुसरी कळव्याच्या पुलाखालून दक्षिणेला निघते, ऐरोली, वाशी करत रुंद होत जाते आणि सुमारे 26 किलोमीटरनंतर मुंबई बंदरात मिसळते. ती ठाण्याची खाडी. उन्हाळ्यात तिच्यात नदीचं पाणी जवळजवळ नसतंच. जे असतं ते समुद्राचं, उसनं आणलेलं, सहा तासांनी परत करायचं. एक नदीचं मुख आणि दुसरा समुद्राचा हात, आणि मराठी या दोघींना एकच शब्द देते. काहींना ही मराठीची ढिलाई वाटेल. मला वाटत नाही. नदीकाठच्या माणसाला पाणी कुठून येतं हे महत्त्वाचं, खाडीकाठच्या माणसाला ते कधी येतं आणि कधी जातं हे. शब्द दुसऱ्याने घडवला.

त्या दुसऱ्या माणसाचे शब्द बघा. भरती आणि ओहोटी सगळ्यांना ठाऊक असतात. पण अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या मरगळलेल्या भरतीला भांग, हे आज ठाण्यात किती जणांना माहीत असेल? धड खारं नाही, धड गोड नाही अशा पाण्याला मचूळ म्हणतात. भरतीत बुडणारी आणि ओहोटीत उघडी पडणारी चिखलाची जमीन म्हणजे खाजण. तिच्यात तिवर उगवतं, कांदळ उगवतं, ही खारफुटीची झाडं, चिखलावर निवट्या मासे उड्या मारतात, बिळांत चिंबोऱ्या असतात. रेल्वेने दोन तुकडे केलेल्या चेंदणी कोळीवाड्यातले एक मामा माझ्या परिचयाचे आहेत. वय सत्तरच्या पुढे, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचं सोडून बरीच वर्षं झाली. त्यांना भरतीची वेळ विचारली तर ते पेपर बघत नाहीत. विचारतात, आज तिथी कोणती? तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. षष्ठी असेल तर साहाची पाऊणपट साडेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि पाणी ठाण्यापर्यंत चढेस्तोवर बाराचा सुमार. पुन्हा प्रतिपदेपासून मोजणी सुरू. घड्याळातल्या मिनिटाला काटेकोर नाही, पण होडी काढायला पुरतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपटीत ती पंचेचाळीस धरलेली असतात, म्हणजे फार काही बिघडत नाही.

वर्तमानपत्रं पावसाळ्यात 'आज समुद्राला मोठी भरती' म्हणून वेळ आणि मीटर छापतात. ती मुंबईच्या किनाऱ्याची असते. ठाणेकर ती वाचतो, मरीन ड्राइव्हच्या लाटांचा फोटो बघतो आणि पान उलटतो. हीच भरती थोड्या वेळाने आपल्या गटाराच्या तोंडाशी येऊन उभी राहणार आहे हे त्याला बातमीत कोणी सांगत नाही, कारण बातमीत समुद्र असतो, खाडी नसते.

मग खाडी बातमीत कुठे असते? गंमत म्हणजे ती बंगालात असते. पाऊस आला की काही वाहिन्यांवर 'बंगालच्या खाडीत कमी दाबाचा पट्टा' तयार होतो. मराठीत तो इतकी वर्षं बंगालच्या उपसागरात तयार होत होता. दुबई, कुवेत आता 'खाडी देश' झाले आहेत. माझ्या लहानपणी रत्नागिरीकडची माणसं आखातात नोकरीला जायची, आणि 1991 साली झालं ते आखाती युद्ध होतं. हिंदीत 'खाड़ी' हा शब्द उपसागराला चालतो, आखाताला चालतो, त्यांच्याकडे तो बरोबरच आहे आणि हिंदीशी माझं काही भांडण नाही. भाषांतर करणाऱ्याने समोरचा हिंदी मजकूर घेतला आणि 'ड़'खालचा नुक्ता, म्हणजे टिंब, पुसला, झालं मराठी. पण मराठीने पाण्याची माप ठेवून वाटणी केली होती. अथांग तो सागर. त्याचा जमिनीत शिरलेला रुंद भाग तो उपसागर. जमिनीने तीन बाजूंनी चांगलंच कवेत घेतलेलं ते आखात, कच्छचं, खंबायतचं, मन्नारचं. दोन भूभागांमधली चिंचोळी वाट ती सामुद्रधुनी. आणि भरतीबरोबर गावाच्या दारात येणारी ती खाडी. बंगालच्या उपसागराचं क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे. ठाण्याच्या खाडीचा जो भाग 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक यादीत, गेला तो सगळा मिळून 65 चौरस किलोमीटर. दोघांना एकच शब्द लावला की कानाला काही खटकेनासं होतं, आणि नेमकं ते खटकेनासं होणं मला खटकतं.

अर्थात कळव्याच्या पलीकडे दुबई आहे असं कुणालाही वाटणार नाही. शब्दांचे अर्थ पसरतात, आटतात, भाषा अशीच चालते, हे मला मान्य आहे. म्हणून हिंदीचं हे आक्रमण मी दुय्यम समजतो. त्याने शब्द फुगतो, पण निदान जिवंत राहतो. खरी पंचाईत उलट्या बाजूने आहे. मोठ्या पाण्याला खाडी म्हणायला लागलो तेवढ्यात आपण खऱ्या खाडीला खाडी म्हणायचं सोडलं.

घरांच्या जाहिराती बघा. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला लागून उभ्या राहिलेल्या टॉवरांत 'खाडी दिसते' असं एकही जाहिरात म्हणत नाही. खाडी म्हटलं की ग्राहकाच्या नाकाला वास येतो. तिथे 'क्रीक व्ह्यू' असतो, आणि विकणारा जरा धीट असला तर 'सी व्ह्यू'. एका स्टेशनचं नावच सीवूड्स-दारावे. पहिल्या अर्ध्यात इंग्रजी समुद्र आणि इंग्रजी वन, दुसऱ्या अर्ध्यात बिचारं गाव. समुद्र तिथून दिसत नाही. दिसते ती खाडी आणि तिची खारफुटी. शिवाय 'क्रीक' हा शब्दही आपल्याला धड सांभाळत नाही. ब्रिटिशांच्या इंग्रजीत तो भरतीच्या पाण्याच्या चिंचोळ्या फाट्याला लावतात, म्हणून त्यांनी ठाण्याला तो लावला. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मात्र क्रीक म्हणजे ओढा. इंग्रजी शाळेतला ऐरोलीचा मुलगा क्रीक शब्द शोधायला गेला तर त्याला गोटे दिसतात, वरून खाली खळखळणारं गोड पाणी दिसतं. तो घरामागच्या चिखलाकडे बघतो आणि ठरवतो की हे काही खरं नाही, हा नाला असणार.

तर नाला. इथे शब्दाचा प्रश्न गटाराचा आणि पैशाचा होतो. आमच्या मागचं पाणी घ्या. पावसाळ्यात डोंगराकडून, ठाणे-बेलापूर पट्ट्यातून पाणी येतं, तेव्हा तो दिसतो नाल्यासारखाच. दोन्ही बाजूंना भिंती आहेत, तळाला गाळ आहे, वर प्लास्टिक. पण मार्चच्या कोरड्या दुपारी, आभाळात ढग नसताना, त्यातलं पाणी हळूहळू वर चढतं. समोरून आलेली पिशवी थांबते, जागेवर एक गिरकी घेते आणि उलटी, शहराच्या दिशेने चालू लागते. भिंतीच्या फटीत एक तिवराचं रोप आहे, त्याची पानं बुडतात. मी हे उभं राहून पाहिलं आहे. पिशवी उलटी चालते तो नाला नसतो.

नाला म्हटलं की उपाय ठरलेला असतो. मे महिन्यात नालेसफाई, गाळ काढा, भिंत उंच करा, तळ काँक्रीटचा करा. नाल्याचं पाणी एकाच दिशेने जायचं असतं, त्याची वाट मोकळी केली की काम झालं. पण खाडीच्या फाट्यात पाऊस आणि उधाण एका वेळी आले तर पाण्याला जायला वाट नसतेच, कितीही गाळ काढा. समोरून समुद्र आत येत असतो. उलट तुम्ही गाळ काढून वाट रुंद केलीत तर भरतीलाही आत यायला तीच वाट रुंद मिळते. इथे उपाय वेगळा लागतो. भरती असेतो पावसाचं पाणी कुठेतरी थोपवून धरायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं.

हे शहाणपण नवी मुंबईच्या पायातच घातलेलं आहे. 1970 मध्ये हे शहर वसवायला सिडको आली, खाजणांवर भराव पडले, आणि शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली राहिला. म्हणून आखणी करणाऱ्यांनी नोडानोडांत, म्हणजे वसाहतीवसाहतींत, होल्डिंग पॉन्ड ठेवले. पाऊस पडला की पाणी तिथे साठतं, खाडीच्या तोंडाशी फ्लॅप गेट असतात, बाहेर भरती चढली की तिच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ही पद्धत डचांची म्हणून सांगितली जाते. सांगू देत. याच जमिनीवरचे आगरी शेतकरी खाऱ्या शेताला बांध घालून त्यात उघाडी ठेवत आले होते. भरतीला बंद, ओहोटीला उघडी. पावसाचं गोड पाणी आत अडवायचं, जमिनीतलं मीठ धुवायचं, जादा झालेलं ओहोटीला सोडून द्यायचं, आणि राता भात पिकवायचा. उघाडी आणि फ्लॅप गेट यांत लाकूड आणि लोखंडाचा फरक सोडला तर तत्त्व एकच. पण शहराला शब्द मिळाला होल्डिंग पॉन्ड, आणि उघाडी शेताबरोबर गेली. आज या तळ्यांत गाळ भरला आहे, गाळावर खारफुटी उगवली आहे आणि खारफुटीला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पाणी साठवायचं कुठे आणि झाड ठेवायचं कुठे, या खेचाखेचीत दर पावसाळा जातो. मला दोन्ही बाजू कळतात. पण निदान हे कळायला हवं की खारफुटी तिथे उपरी आलेली नाही. जिथे भरती पोचते तिथे ती उगवते. ते रोप म्हणजे खाडीने स्वतःच्या हक्काच्या जागेवर केलेली सही आहे.

नाल्याचा धाकटा भाऊ तलाव. ठाणे तलावांचं शहर, आम्हा ठाणेकरांना तलाव म्हटलं की मासुंद्याची तलावपाळी आठवते, पाळीवरची भेळ आणि नौकाविहार. तलाव म्हणजे साठलेलं, शांत, चहूबाजूंनी बंद पाणी. नेरुळला खाडीकाठी सुमारे तीस एकरांची एक पाणथळ आहे, फ्लेमिंगो उतरतात म्हणून प्रसिद्ध. सगळे तिला तलाव म्हणतात, पाटी तलावाची, बातम्या तलावाच्या. प्रत्यक्षात ते भरतीवर जगणारं पाणी आहे. भरतीचं पाणी एका वाटेने आत येतं, शेवाळ आणि बारीक जीव आणतं, उथळ चिखल ओला ठेवतं, आणि त्यासाठीच पक्षी येतात. 2024 मध्ये ती वाट बुजली, पाणी आटलं, आणि त्या हंगामात फ्लेमिंगो मेल्याच्या, जखमी झाल्याच्या बातम्या आल्या. पक्षीप्रेमी पाण्याच्या वाटेबद्दल आधीपासून ओरडत होते. पण तलावाला कसली आलीय वाट? तलावाला फक्त काठ असतो. काठ शाबूत आहे, कुंपण आहे, आत कुणी भराव घातलेला नाही, मग बिघडलं काय? खाडीचा तुकडा म्हणून त्याच्याकडे पाहिलं असतं तर त्याची मान कुठे आहे हे पहिल्या दिवशी विचारलं गेलं असतं.

मिठी नदीची गोष्ट अजून लोक विसरले नसतील. मुंबईकर तिला वर्षानुवर्षं नाला म्हणत होते. 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरती आली, आणि मग शहराला आठवलं की ही नदी आहे आणि माहीमला तिची खाडी आहे. नाव परत मिळायला एवढी किंमत पडली.

आता कायद्याकडे येतो, कारण 'शब्दांत काय आहे' असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी तिथेच नेतो. किनाऱ्यावर बांधकाम कुठवर करायचं ते ठरवणारी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना पहिल्यांदा 1991 मध्ये आली, मग 2011 मध्ये नवी, मग 2019 मध्ये आणखी नवी. समुद्राच्या तोंडावर भरतीरेषेपासून 500 मीटर. खाडीकाठी 2011 च्या अधिसूचनेत 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. 2019 मध्ये 100 चे 50 झाले. म्हणजे पाणी बारा मीटर रुंद असेल तर बारा मीटर. आणि तेच पाणी नकाशावर नाला म्हणून काढलं गेलं तर या नियमाखाली शून्य. खाडी आतवर कुठे संपते यालाही माप आहे. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारात पाच भाग असेल तिथवर नियम लागू. समुद्राचं पाणी साधारण पस्तीस असतं. मामांच्या भाषेत सांगायचं तर पाणी जिभेला मचूळ लागेल तिथपर्यंत. मला हे फार आवडतं की कायद्याने शेवटी जिभेचीच परीक्षा घेतली, फक्त बाटली आणि मीटर घेऊन.

उच्च न्यायालय अर्थात नावावर जात नाही, भरती पोचते का ते बघतं. 2018 च्या निकालात त्याने खारफुटीच्या संरक्षणाबाबत कडक आदेश दिले, हे खरं. पण न्यायालयापर्यंत किती पाणी पोचतं? पहिला कागद एखादा सर्वेक्षक काढतो, त्यावर एखादा लिपिक नाव घालतो, आणि पुढची वीस वर्षं सगळे त्या नावावर जातात. पाणथळींच्या 2017 च्या नियमांत तर एका शब्दाने केवढी जमीन बाहेर पडली. खास मीठ पिकवण्यासाठी बांधलेल्या जागा पाणथळ धरायच्या नाहीत, असं व्याख्येतच आहे. झालं, मिठागर म्हटलं की ते पाणथळ नाही. पाणी आहे, चिखल आहे, पक्षी आहेत, पण व्याख्या आड आली. सातबाऱ्यावर शेती न होणाऱ्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. जिथे नांगर चालत नाही ती खराब. जिथे निवट्या आणि कोळंबीवर घरं चालली त्या जमिनीला हा शब्द ज्याने पहिल्यांदा लावला असेल तो घाटावरचा असणार असा मला दाट संशय आहे.

हे सगळे कागद मुळात इंग्रजीत असतात. मराठीत आलेच तर भाषांतर होऊन येतात, आणि भाषांतर करणारा खाडीकाठचा नसतो. इंग्रजी अधिसूचनेत भरतीच्या प्रभावाखालच्या पाण्याबद्दल जो लांबलचक शब्दप्रयोग आहे त्याचं मराठी करायला बसलं की हात आपोआप 'जलाशय' या शब्दाकडे जातो. जलाशय म्हटलं की डोळ्यांपुढे धरण येतं. 'भरतीप्रभावित जलाशय' हे वाचून दिव्याच्या किंवा वाशीगावच्या कोळ्याने हरकत घ्यायची ती कशावर? त्याला 'खाडी' असं विचारलं तर तो नकाशावर बोट ठेवून सांगेल, इथे फाटा होता, बुजवला, इथे खाजण आहे, तुम्ही ते मैदान दाखवलंय. 2020 मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर हरकती मागवल्या तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत करा. आदेश चांगलाच होता. पण भाषेत करणं आणि लोकांच्या शब्दांत करणं या दोन गोष्टी आहेत. देवनागरीत लिहिलेलं सगळंच मराठी नसतं.

यावर एक आक्षेप मला एका अभियंता मित्राने घेतला, आणि तो अगदीच सोडून देण्यासारखा नाही. त्याचं म्हणणं, लोकभाषेतला शब्द ढगळ असतो. तू म्हणतोस खाडी, कोकणात दाभोळला, जयगडला अख्खी नदीच खाडी म्हणवते, मैलच्या मैल आतपर्यंत. उद्या कायद्यात नुसतं खाडी लिहिलं तर डोंबिवलीपर्यंत सगळं बंद करायचं का? मला त्याचा मुद्दा पटतो तो इतकाच की माप हवं. हजारात पाच राहू दे. भरतीरेषा राहू दे. पण माप शब्दाची जागा घेत नाही, शब्दाला आधार देतं. माप काढायचं कुठे, हे शब्द सांगतो. ज्या पाण्याला सगळे नाला म्हणतात तिथे क्षारता मोजायला बाटली घेऊन जाणार कोण?

मला हवंय ते फार मोठं नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या किनारा आराखड्यांचे नकाशे मराठीत निघावेत आणि त्यांवर खाडी, खाडीचा फाटा, खाजण, मिठागर, उघाडी ही नावं असावीत, गावकऱ्यांना विचारून घातलेली. नालेसफाईच्या यादीत जिथवर भरती चढते ते नाले वेगळे दाखवावेत. त्यांच्या पुलांवर 'नाला क्रमांक अमुक' ऐवजी 'खाडीचा फाटा' अशी पाटी असावी. खर्च रंगाचा. अधिकृत कागदांत शब्द अजून जिवंत आहे हे आपलं नशीब. अभयारण्याचं नाव ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 पासून. (फ्लेमिंगोला रोहित म्हणावं की अग्निपंख, हा वाद मी आज काढत नाही.) वाशीला खाडीपूल आहे, कळव्याला खाडीपूल आहे, आणि वाहतूक कोंडीमुळे ते रोज पेपरात असतात. पुलात खाडी टिकली, खालच्या पाण्यात मात्र ती नाला झाली, एवढाच घोटाळा आहे.

हे पुलावरून जाताना आपल्यालाही थोडं बघता येतं. मानखुर्द-वाशी लोकलमध्ये पूल आला की दारातल्या माणसांत हालचाल होते. कोणी निर्माल्याची पिशवी काढतं, कोणी नाणं, कोणी नुसता हात जोडतं. जोडू दे. माझी तक्रार पिशवीबद्दल आहे. गंगेत टाकलेलं गंगासागराला जातं अशी श्रद्धा असते, पण ही गंगा नाही. ओहोटीला गेलेली पिशवी भरतीला परत येते, आणि तिवराच्या मुळांत अडकून बसते. मानखुर्दला टाकलेलं ऐरोलीला निघतं. नदीबद्दलची श्रद्धा आपण खाडीला लावली, खाडीचा स्वभाव न विचारता.

यंदा जूनच्या आधी सोसायटीने पुन्हा एक अर्ज केला, मागच्या पाण्याबद्दल, संबंधित कार्यालयाला. मसुदा माझ्याकडे वाचायला आला. त्यात चार वेळा नाला होता. मी चारही खोडले, 'खाडीचा फाटा' लिहिलं, आणि मागणीत 'गाळ काढणे' च्या आधी 'भरतीचे दार दुरुस्त करणे' घातलं. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "अहो, असं लिहिलं तर ते म्हणतील हा आमचा विषयच नाही, दुसऱ्या खात्याकडे जा. नाला म्हटलं की निदान माणूस येतो." मला यावर पटकन उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं बोलत होते. शेवटी असं ठरलं की अर्जात विषयाच्या ओळीत नाला ठेवायचा आणि आत खाडी. मी मात्र त्यांना एक गळ घातली. येत्या पौर्णिमेला, बाराच्या सुमाराला, पाऊस नसेल तर बरंच, मागच्या छोट्या पुलावर या. पिशवी कुठल्या दिशेला जाते ते दोघं मिळून बघू. ते म्हणाले, जेवणाची वेळ असते हो ती. मग म्हणाले, बघतो.